पाण्यात आम्ल की आम्लात पाणी?

रसायनशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत एक छोटीशी सूचना भेटते : ‘अॅड अॅसिड टू वॉटर’. अवघे चार शब्द. आता यातील दोन नामांची अदलाबदल करा : ‘अॅड वॉटर टू अॅसिड’. शब्द तेच, त्यांची संख्याही तीच. पण पहिली सूचना पाळणारा विद्यार्थी प्रयोग नीट पार पाडतो आणि दुसरी पाळणाऱ्याच्या तोंडावर तापलेले आम्ल उडण्याचा संभव असतो.

असे का होते? तीव्र सल्फ्यूरिक आम्ल पाण्यात मिसळले की पुष्कळ उष्णता बाहेर पडते. हे आम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड असते. भरपूर पाण्यात ते थोडे थोडे, ढवळत ढवळत घातले, तर खाली जाता जाता मिसळते आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उलट आम्लावर पाणी ओतले, तर हलके पाणी वरच राहते. जेथे दोन्ही द्रव एकमेकांना भेटतात तेथे पाणी एकदम उकळते आणि वाफेबरोबर आम्लाचे शिंतोडे उडतात. म्हणून हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीवाचून कधीही करू नये.

आपल्यापुढचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्या इंग्रजी सूचनेतील ‘टू’ हा चिमुकला शब्द कोणत्या नामाला चिकटला आहे? अॅसिडला की वॉटरला? दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे विज्ञानाची इंग्रजी पुस्तके हाती घेणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न पदोपदी पडतो. मोठमोठे शब्द ते शब्दकोशात पाहतात. पण ‘टू’, ‘बाय’, ‘फ्रॉम’, ‘इन’, ‘ऑफ’ हे शब्द शब्दकोशात पाहून भागत नाही. कारण त्यांचे मुख्य काम जोडण्याचे असते. ही जोडणी कशी चालते ते आज आपण पाहू या. लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, म्हणजे त्यांची घडण कानालाही कळेल.

डावीकडचे नाम की उजवीकडचे?

आधी मराठी वाक्य घेऊ. ‘पाण्यात आम्ल ओता’, ‘आम्ल पाण्यात ओता’, ‘ओता आम्ल पाण्यात’. शब्दांचा क्रम कसाही बदला, अर्थ तोच राहतो. कारण ‘त’ हा प्रत्यय ‘पाणी’ या नामाला घट्ट चिकटलेला आहे. चिकटण्यापूर्वी त्याने नामाचे रूपही बदलले आहे : ‘पाणी’चे ‘पाण्या’ झाले. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. ‘पाण्यात’ हा शब्द वाक्यात कोठेही नेऊन ठेवा, तो आपली ओळख बरोबर घेऊन जातो.

इंग्रजीत नामाला असे सामान्यरूप नाही. ‘वॉटर’ हा शब्द कोठेही ‘वॉटर’च राहतो. त्याचे नाते सांगणारा शब्द सुटा असतो आणि तो नामाच्या आधी येतो. ‘प्रिपोझिशन’ या नावाचा मूळ लॅटिन अर्थच ‘आधी ठेवलेला’ असा आहे. आपल्या ‘शब्दयोगी अव्यय’ या नावाचा अर्थ ‘शब्दाला जोडून येणारे’ असा होतो. दोन्ही नावे आपापल्या भाषेची रीत सांगून जातात. (‘घरात’ यातील ‘त’ हा विभक्तीचा प्रत्यय आणि ‘घरावर’ यातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय, असा भेद मराठी व्याकरणात करतात. इंग्रजीत ही दोन्ही कामे बहुतेक प्रिपोझिशनेच करतात, म्हणून येथे आपण त्यांचा एकत्र विचार करीत आहोत.)

आता गोंधळ कोठे होतो ते पाहा. मराठीची सवय असलेला डोळा जोडणारा शब्द दिसला की डावीकडे वळतो. कारण मराठीत त्याचे नाम नेहमी डावीकडे असते. त्या सवयीने ‘अॅड अॅसिड टू वॉटर’ वाचले, तर ‘अॅसिड टू’ ही जोडी तयार होते आणि अर्थ लागतो, ‘आम्लात पाणी घाला’! म्हणजे नेमकी नको ती गोष्ट. इंग्रजी वाचताना डोळा उजवीकडे गेला पाहिजे. ‘टू वॉटर’ ही खरी जोडी. अर्थ : ‘पाण्यात आम्ल घाला’.

नामाच्या आधी विशेषणे असली, तर प्रिपोझिशन त्या सगळ्यांच्याही आधी जाऊन उभे राहते. ‘इन द ओल्ड ब्रोकन वुडन बॉक्स’ यात ‘इन’चे नाम ‘बॉक्स’ आहे. दोघांच्या मध्ये चार शब्द येतात. मराठीत हेच ‘जुन्या मोडक्या लाकडी पेटीत’ असे होईल. येथे एक गंमत आहे. ‘त’ अगदी शेवटी येत असला, तरी त्याची वर्दी आधीच मिळते. ‘जुनी’ न म्हणता ‘जुन्या’ म्हटले की ऐकणाऱ्याला कळते, पुढच्या नामाला काहीतरी चिकटणार आहे. इंग्रजी विशेषण असे बदलत नाही. तेथे वर्दी देण्याचे काम प्रिपोझिशन स्वतःच करते.

क्रियापद शेवटी, तर जोडशब्दही शेवटी

इंग्रजी एका बाजूने जोडते आणि मराठी दुसऱ्या बाजूने, हा निव्वळ योगायोग आहे काय? जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगाच्या निरनिराळ्या भागांतील ३० भाषा घेऊन त्यांच्या शब्दक्रमाची तुलना केली. त्याचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. या ३० भाषांत आपल्या शेजारच्या हिंदी आणि कन्नड या भाषाही होत्या. त्याला असे आढळले, की ज्या भाषांत कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम असतो, त्यांत जोडणारे शब्द बहुतेक करून नामाच्या नंतर येतात. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या आरंभी येते, त्यांत ते नामाच्या आधी येतात.

मराठीला हा नियम लावून पाहा. ‘राम आंबा खातो’ : कर्म आधी, क्रियापद नंतर. ‘झाडावर’ : नाम आधी, ‘वर’ नंतर. आता इंग्रजी पाहा. तेथे क्रियापद वाक्यारंभी नसले तरी कर्माच्या आधी असते : ‘राम ईट्स अ मँगो’. आणि ‘ऑन द ट्री’ यात ‘ऑन’ही नामाच्या आधीच. क्रियापदाला कर्म लागते, जोडशब्दाला नाम लागते. आपल्याला लागणारा शब्द कोणत्या बाजूला ठेवायचा, याची प्रत्येक भाषेने जणू एकच रीत ठरवलेली दिसते.

निसर्गातील पुष्कळ नियमांप्रमाणे यालाही अपवाद आहेत. फारसीत क्रियापद साधारणपणे शेवटी येते, पण जोडशब्द नामाच्या आधी येतात. खुद्द इंग्रजीतही ‘अगो’ हा शब्द मराठीच्या चालीने वागतो. ‘थ्री डेज अगो’ म्हणजे ‘तीन दिवसांपूर्वी’. क्रम अगदी आपला. आणि मराठीतही ‘पाण्याविना’ मधील ‘विना’ हा ‘विनातिकीट’ या शब्दात उडी मारून नामाच्या पुढे जाऊन बसतो.

नाम मागणारा आणि न मागणारा

येथपर्यंत आपण असे गृहीत धरले, की ‘इन’, ‘अप’, ‘ऑफ’ या शब्दांना नाम हवेच असते. पण तसे नाही. ही मराठी वाक्ये वाचा :

‘तो वर गेला.’ ‘तो माडीवर गेला.’
‘मांजर खाली बसले.’ ‘मांजर टेबलाखाली बसले.’

पहिल्या वाक्यात ‘वर’ एकटा आहे. तो ‘गेला’ या क्रियापदाविषयी माहिती देतो, म्हणून ते क्रियाविशेषण अव्यय. दुसऱ्या वाक्यात तोच ‘वर’ ‘माडी’ला चिकटला, म्हणून ते शब्दयोगी अव्यय. हे तुम्ही मराठीच्या तासाला शिकलाच आहात. इंग्रजीतही नेमके असेच आहे :

‘ही वेंट अप.’ ‘ही वेंट अप द स्टेअर्स.’
‘कम इन.’ ‘कम इन द आफ्टरनून.’
‘द बॉय फेल ऑफ.’ ‘द बॉय फेल ऑफ द वॉल.’

लहान शब्दाने उजवीकडचे नाम धरले असेल तर ते प्रिपोझिशन. एकटाच असेल तर ते क्रियाविशेषण.

मग एकाच शब्दाला दोन नावे कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो मोठ्या विद्वानांच्या मनातही आला आहे. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन याने १९२४ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात या प्रश्नाची चर्चा केली. त्याचा मुद्दा असा : काही क्रियापदे कर्म घेतात, काही घेत नाहीत; काही कधी घेतात, कधी घेत नाहीत. ‘मी वाचतो’ आणि ‘मी पुस्तक वाचतो’ या दोन्ही वाक्यांत ‘वाचतो’ला आपण क्रियापदच म्हणतो. मग ‘अप’ने एकदा नाम घेतले आणि एकदा घेतले नाही, एवढ्यावरून त्याची जात का बदलावी? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या मोठ्या व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी हाच विचार पुढे नेला आणि नाम न घेणाऱ्या ‘इन’, ‘अप’ यांनाही प्रिपोझिशनच म्हटले. शाळेच्या परीक्षेत मात्र तुम्ही पाठ्यपुस्तकातील जुनी विभागणीच पाळावी. नाव कोणतेही द्या. नाम आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे.

कधी कधी नाम असते, पण उजवीकडे दिसत नाही. ‘द बॉटल यू आर लुकिंग अॅट कंटेन्स अॅसिड.’ येथे ‘अॅट’च्या पुढे ‘कंटेन्स’ हे क्रियापद आले आहे. मग ‘अॅट’चे नाम कोठे गेले? ते ‘बॉटल’ आहे. वाक्यरचनेसाठी ते पुढे सरकले आणि ‘अॅट’ मागे एकटे राहिले. अशी रचना चांगली नव्हे असे मानणारेही होऊन गेले. कवी जॉन ड्रायडन याने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष दाखवला होता. तरीही ही रचना इंग्रजीत आजतागायत टिकून आहे आणि विज्ञानाच्या पुस्तकांतही आढळते. म्हणून उजवीकडे नाम नसेल तर लगेच ‘क्रियाविशेषण’ असा निकाल देऊ नये. ते आधी येऊन गेले नाही ना, हेही पाहावे.

दोन सोप्या चाचण्या

अवघड प्रसंग पुढेच आहे. ही दोन वाक्ये पाहा :

‘टर्न ऑफ द लॅम्प.’
‘टर्न ऑफ द रोड.’

पहिल्याचा अर्थ ‘दिवा मालवा’ आणि दुसऱ्याचा ‘रस्ता सोडून वळा’. दोन्हींत ‘ऑफ’च्या उजवीकडे नाम आहे. मग दोन्हींत ‘ऑफ’ प्रिपोझिशन आहे काय? नाही. दोन पदार्थ सारखे दिसत असले, तर रसायनशास्त्रात आपण त्यांची चाचणी घेतो. तशीच येथेही घेऊ.

पहिली चाचणी : लहान शब्द उचलून नामाच्या नंतर ठेवून पाहा. ‘टर्न द लॅम्प ऑफ’ हे वाक्य बरोबर आहे. ‘टर्न द रोड ऑफ’ हे त्या अर्थाने चालत नाही. दिव्याच्या वाक्यात ‘ऑफ’ हा नामापासून सुटा आहे. त्याचे नाते ‘टर्न’शी आहे, म्हणून तो इकडून तिकडे जाऊ शकतो. रस्त्याच्या वाक्यात त्याने ‘रोड’ला धरून ठेवले आहे, तो नामाला सोडून मागे जाऊ शकत नाही.

दुसरी चाचणी : नामाऐवजी ‘इट’ हे सर्वनाम घाला. दिव्याच्या बाबतीत ‘टर्न इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. ‘टर्न ऑफ इट’ चूक. रस्त्याच्या बाबतीत ‘टर्न ऑफ इट’ हेच बरोबर.

तेव्हा दिव्याचा ‘ऑफ’ क्रियाविशेषण आणि रस्त्याचा ‘ऑफ’ प्रिपोझिशन ठरला. याच रीतीने ‘लुक अप द वर्ड’ (कोशात शब्द पाहा) हे वाक्य तपासा. ‘लुक द वर्ड अप’ चालते, ‘लुक इट अप’ चालते. म्हणजे येथला ‘अप’ क्रियाविशेषण. उलट ‘लुक अॅट द थर्मामीटर’ यात ‘लुक द थर्मामीटर अॅट’ मुळीच चालत नाही. ‘अॅट’ प्रिपोझिशन. नियम पाठ केलेला विसरेल, पण चाचणी करता आली तर नियम पुन्हा स्वतः काढता येतो.

घरी जाताना ‘टू’ नको

‘आय वेंट टू स्कूल’ बरोबर, म्हणून पुष्कळ जण ‘आय वेंट टू होम’ असेही लिहितात. हे चूक आहे. ‘आय वेंट होम’ असे हवे. ‘होम’ हे एरवी नाम असले तरी येथे ते क्रियाविशेषण आहे. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखी विभक्तिरूपे होती आणि ‘घराकडे’ हा अर्थ नामाच्या द्वितीयेच्या रूपानेच सांगता येई. त्या रीतीचा हा उरलेला अवशेष आहे. मराठीत आपण ‘शाळेत’ जातो, ‘बाजारात’ जातो, पण ‘घरी’ आणि ‘गावी’ जातो. तेथेही एक जुना ‘ई’ टिकून आहे, तसेच काहीसे.

‘हिअर’, ‘देअर’, ‘अपस्टेअर्स’, ‘अब्रॉड’ हे शब्द याच पंक्तीतले. ‘इथे’ म्हणजेच ‘या ठिकाणी’. त्यात ‘ठिकाणी’चा अर्थ आधीच आलेला आहे. म्हणून ‘कम टू हिअर’ किंवा ‘गो टू अब्रॉड’ म्हणायचे नसते. पण ‘पासून’ हा अर्थ या शब्दांत नाही. तो हवा असेल तर ‘फ्रॉम’ लावावेच लागते : ‘फ्रॉम हिअर’, ‘फ्रॉम अब्रॉड’, ‘फ्रॉम होम’. मराठीतही ‘इथून’, ‘परदेशातून’, ‘घरून’ होतेच. आणि घर कोणाचे हे सांगितले, की ‘होम’ पुन्हा साधे नाम होते व ‘टू’ परत येते : ‘ही वेंट टू हिज अंकल्स होम’.

वेळ दाखवणाऱ्या शब्दांचेही असेच. ‘ऑन मंडे’, पण ‘नेक्स्ट मंडे’. ‘इन द मॉर्निंग’, पण ‘धिस मॉर्निंग’. नामाच्या आधी ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ आले, की तो शब्दसमूहच क्रियाविशेषणाचे काम करू लागतो आणि प्रिपोझिशनला रजा मिळते.

अप गाडी, डाऊन गाडी

आतापर्यंतची क्रियाविशेषणे क्रियापदाशी नाते सांगत होती. पण ती थेट नामालाही जाऊन मिळतात. याचे उदाहरण आपण रेल्वेच्या फलाटावर रोज ऐकतो : ‘अप’ गाडी आणि ‘डाऊन’ गाडी. येथे ‘अप’ आणि ‘डाऊन’ नामाच्या आधी बसून विशेषणाचे काम करतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे येणारी गाडी ‘अप’ आणि तेथून बाहेर जाणारी ‘डाऊन’. यात चढ-उताराचा काही संबंध नाही. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी खंडाळ्याचा घाट चढते, तरी ती ‘डाऊन’च! मुख्य शहराकडे जाणे म्हणजे ‘अप’, ही ब्रिटनमधील रेल्वेची रीत आपल्याकडे आली.

पुष्कळदा क्रियाविशेषण नामाच्या नंतर बसते : ‘द रूम अबव्ह’ (वरची खोली), ‘द जर्नी होम’ (घरचा परतीचा प्रवास), ‘द पीपल हिअर’ (इथली माणसे). मराठी भाषांतरे नीट पाहा. प्रत्येकात ‘चा’, ‘ची’ किंवा ‘ली’ आले आहे. ‘वर’ला नामाशी जोडायचे असेल, तर मराठी त्याला ‘ची’ लावून ‘वरची’ करते. इंग्रजी तसे काही करीत नाही. शेजारी उभे केले की जोडणी झाली.

क्रियाविशेषण, प्रिपोझिशन आणि नाम अशी तिघांची रांगही लागते. ‘जस्ट बिफोर द बेल’ (घंटेच्या अगदी आधी), ‘राइट अंडर द टेबल’ (टेबलाच्या अगदी खाली), ‘टू सेंटिमीटर्स अबव्ह द फ्लेम’ (ज्योतीच्या दोन सेंटिमीटर वर). ‘किती’ हे सांगणारा शब्द इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे, मग प्रिपोझिशन, मग नाम. मराठीत नाम उठून पहिल्या जागी येते आणि ‘च्या’ने बाकीच्यांना धरून ठेवते.

टेबलावर पुस्तक की टेबलावरचे पुस्तक?

प्रिपोझिशन आणि नाम यांची जोडी जमली म्हणजे काम संपले असे नाही. ती जोडी पुढे कोणाशी जोडायची हेही ठरवावे लागते. ‘पुट द बुक ऑन द टेबल’ यात ‘ऑन द टेबल’ हे ‘पुट’शी जोडले आहे : पुस्तक टेबलावर ठेव. ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’ यात तेच शब्द ‘बुक’शी जोडले आहेत : टेबलावरचे पुस्तक माझे आहे. मराठीने ‘टेबलावर’ आणि ‘टेबलावरचे’ असा स्पष्ट फरक केला. इंग्रजीत तो रूपावरून कळत नाही, संदर्भावरून ओळखावा लागतो.

आता ही सूचना वाचा : ‘पुट द ट्यूब इन द स्टँड इन द वॉटर.’ हिचे दोन अर्थ निघतात. एक, स्टँडमधली नळी पाण्यात ठेवा. दुसरा, पाण्यातल्या स्टँडमध्ये नळी ठेवा. पहिल्या अर्थी नळी स्टँडमधून काढायची आहे, दुसऱ्या अर्थी ती स्टँडमध्ये घालायची आहे! ‘आय सॉ अ बॉय विथ अ टेलिस्कोप’ या वाक्यातही तसेच. दुर्बीण कोणाकडे होती? पाहणाऱ्याकडे की मुलाकडे? मराठीत ‘मी दुर्बिणीतून एक मुलगा पाहिला’ किंवा ‘दुर्बीण घेतलेला एक मुलगा मी पाहिला’ असे म्हणावेच लागेल. म्हणून अशा वाक्याचे मनातल्या मनात मराठी करून पाहावे. ‘चा, ची, चे’ किंवा ‘ला, ली, ले’ लावावे लागते की नाही, एवढे पाहिले तरी वाक्यातील गाठ सुटते.

गणितातले चिमुकले शब्द

‘सबट्रॅक्ट ५ फ्रॉम ८.’ मराठी सवयीने ‘५ फ्रॉम’ अशी जोडी केली, तर ‘५ मधून ८ वजा करा’ असा अर्थ लागेल आणि उत्तर उणे ३ येईल. ‘फ्रॉम ८’ अशी जोडी केली, तर ‘८ मधून ५ वजा करा’, उत्तर ३. ‘डिव्हाइड १२ बाय ३’ यातही ‘बाय ३’ म्हणजे ‘३ ने’. उत्तर ४.

‘द टेंपरेचर रोज बाय ३० डिग्रीज’ आणि ‘द टेंपरेचर रोज टू ३० डिग्रीज’ यांत फरक एका शब्दाचा. मूळ तापमान २५ अंश असेल, तर पहिल्या वाक्याप्रमाणे ते ३० अंशांनी वाढून ५५ झाले. दुसऱ्याप्रमाणे ३० अंशांपर्यंत गेले, म्हणजे फक्त ५ अंशांनी वाढले. ‘बाय’ वाढ सांगते, ‘टू’ शेवटचा मुक्काम सांगते आणि ‘फ्रॉम’ सुरुवात सांगते.

‘इंटू’ची कथा तर फारच मजेशीर आहे. आपल्या वर्गात ‘थ्री इंटू फोर’ म्हणजे तीन गुणिले चार, उत्तर १२. इंग्लंडमधील शाळेच्या बोलीत मात्र ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हणजे बारात तीन किती वेळा जातात, हा भागाकार! तेथे उत्तर ४ येते. एकच शब्द, दोन देशांत दोन उलट क्रिया.

वाचताना काय करावे?

एवढे सगळे लक्षात ठेवायचे कसे? इंग्रजी सूचना वाचताना पुढील क्रम पाळा. लहान शब्द दिसला, की त्याच्या उजवीकडे पाहा. नाम असेल, तर ‘इट’ची चाचणी घेऊन जोडी खरी आहे का ते तपासा. नाम नसेल, तर ते आधी येऊन गेले आहे का ते पाहा. तेही नसेल तर तो शब्द क्रियाविशेषण. जोडी सापडली, तर तिचे मराठी करा आणि ती क्रियापदाला मिळते की दुसऱ्या नामाला, ते ठरवा.

शिक्षकांना वर्गात एक खेळ घेता येईल. पुठ्ठ्याच्या पाट्यांवर ‘अॅड’, ‘अॅसिड’, ‘टू’, ‘वॉटर’ असे एकेक शब्द लिहून चार मुलांच्या हाती द्यावेत आणि त्यांना वाक्याच्या क्रमाने उभे करावे. ‘टू’ची पाटी धरणाऱ्याने आपल्या पुढच्या शब्दाचा, म्हणजे ‘वॉटर’चा हात धरायचा. नंतर ‘आम्ल’, ‘पाण्या’, ‘त’, ‘घाला’ अशा मराठी पाट्या द्याव्यात. ‘त’ला आपल्या आधीच्या शब्दाचा हात धरावा लागेल. मग मराठी रांगेचा क्रम बदलून पाहावा. ‘पाण्या’ आणि ‘त’ हातात हात घालून कोठेही गेले तरी अर्थ कायम राहतो. इंग्रजी रांगेत ‘अॅसिड’ आणि ‘वॉटर’ यांनी जागा बदलल्या, की ‘टू’ला नवा हात धरावा लागतो आणि अर्थ उलटा होतो.

स्वाध्याय

१. लहान शब्द प्रिपोझिशन की क्रियाविशेषण ते चाचणी घेऊन ठरवा : (अ) ‘द बलून वेंट अप.’ (आ) ‘द अँट वेंट अप द वॉल.’ (इ) ‘स्विच ऑफ द मोटर.’ (ई) ‘द पेंट केम ऑफ द वॉल.’

२. उत्तरे काढा : (अ) ‘टेक ७ फ्रॉम १५.’ (आ) ‘इन्क्रीज २० बाय ५.’ (इ) ‘इन्क्रीज २० टू २५.’

३. चुका दुरुस्त करा : (अ) ‘शी रिटर्न्ड टू होम.’ (आ) ‘वुई विल मीट ऑन नेक्स्ट फ्रायडे.’ (इ) ‘ही लिव्ह्ज इन अब्रॉड.’

४. ‘द टीचर शोड अस द प्लांट इन द गार्डन.’ या वाक्याची अर्थाप्रमाणे दोन मराठी भाषांतरे करा.

उत्तरे

१. (अ) क्रियाविशेषण. (आ) प्रिपोझिशन. (इ) क्रियाविशेषण, ‘स्विच इट ऑफ’ असे म्हणावे लागते. (ई) प्रिपोझिशन, ‘केम ऑफ इट’ असे म्हणता येते.

२. (अ) ८. (आ) २५. (इ) २५. शेवटच्या दोहोंचे उत्तर एकच आले, कारण २० मध्ये ५ ची वाढ केली की मुक्काम २५ वरच येतो.

३. तिन्ही वाक्यांतील ‘टू’, ‘ऑन’ आणि ‘इन’ काढून टाका.

४. बाईंनी आम्हांला बागेतले रोप दाखवले. बाईंनी आम्हांला बागेत रोप दाखवले.